तेल कधी बदलावे?

आपल्या बेळगुंदीकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला कुणी विसरत नाही. पॉवर टिलरच्या तेलाची आठवण मात्र इंजिन खडखडू लागल्यावर होते, असे आम्ही पाहतो. नुसते तेल लोखंड वाचवीत नाही. १९४० च्या दशकापासून त्यात जस्त व फॉस्फरस असलेले द्रव्य मिसळतात. घर्षण व उष्णता यांमुळे त्याचा अतिशय पातळ थर कॅमवर बसतो. झिजतो तो थर, लोखंड वाचते. द्रव्य संपले की लोखंडाची पाळी! डिझेल इंजिनाचे तेल काजळीने लवकरच काळे होते, म्हणून रंग न पाहता पुस्तिकेतले तास मोजावेत. पिस्टन रिंगवरचा क्रोमचा मुलामा कितीही कठीण असला तरी धूळ त्याला खातेच. एअर फिल्टर साफ ठेवावा. काढलेले जळके तेल बैलाच्या जखमेला वा स्वतःच्या अंगाला कधीही चोळू नये. वारंवार लागल्यास त्याने कातडीचा कर्करोग होऊ शकतो. हात साबणाने धुवावेत.