शंखी गोगलगाय आणि मेंदूच्या आवरणाचा दाह

पावसाने जोर धरला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर, कुंड्यांत आणि नाल्यांकाठी मोठ्या शंखी गोगलगायी दिसू लागतात. तपकिरी पट्ट्यांचा निमुळता शंख ही त्यांची खूण. मूळची पूर्व आफ्रिकेतील ही गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि पुढे देशभर पसरली.

तिच्या शरीरात अँजिओस्ट्रॉन्गिलस कँटोनेन्सिस या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या, तर मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. हा कृमी उंदराच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहतो. अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात आणि त्या खाणाऱ्या गोगलगायीत वाढतात. मुंबईतील उंदरांत हा कृमी असल्याची नोंद १९८२ मध्येच प्रसिद्ध झाली आहे.

दक्षिण अमेरिकेतून पसरलेली गोड्या पाण्यातील अ‍ॅपल स्नेलही याच कृमीची वाहक आहे. २००६ मध्ये बीजिंगमध्ये ती अर्धकच्ची खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक आजारी पडले. म्हणून फिशटँकमधील अशा नकोशा गोगलगायी तलावात किंवा खाडीत सोडू नयेत.

माणसाला लागण तोंडावाटे होते. न धुतलेल्या कोथिंबीर-पुदिन्यात चिकटलेले गोगलगायीचे बारीक पिल्लू, तिला हाताळून तसेच तोंडात गेलेले हात, कच्चे राहिलेले मुठे किंवा कोळंबी ही त्याची कारणे. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही.

साधारण एक ते तीन आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, त्वचेला मुंग्या किंवा जळजळ, क्वचित दुहेरी दिसणे अशी लक्षणे दिसतात. पाठीच्या मण्यांतून काढलेल्या पाण्यात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या आढळल्यास निदानाला दिशा मिळते. बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र मेंदूला गंभीर इजा होण्याचाही धोका असतो. जंताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पालेभाज्यांची पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत. मुठे, चिंबोऱ्या, कोळंबी पूर्ण शिजवावीत. गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात, दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात, मेल्यावर खोल पुराव्यात आणि नंतर हात साबणाने धुवावेत. सोसायटीतील कचरा रोज उचलला गेला, तर उंदीरही कमी होतात. पावसाळ्यात तीव्र डोकेदुखीसह मान आखडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि गोगलगायीशी किंवा कच्च्या खाण्याशी आलेला संबंध न विसरता सांगावा.