डी.फार्म. झालं; आता बी.फार्म.चं बघा

आपल्या वस्त्यांमध्ये आता डी.फार्म. झालेल्या मुली आणि मुलं दिसू लागली आहेत. दोन वर्षांचा डिप्लोमा, त्यानंतर पाचशे तासांचं प्रशिक्षण, फार्मसी कौन्सिलची नोंदणी आणि मग एखाद्या मेडिकलच्या काउंटरवर नोकरी. घरात पगार सुरू झाला की शिक्षण संपलं असं सगळेच धरून चालतात. या पानावर आम्ही एरवी आजारांबद्दल लिहितो. या वेळी औषध देणाऱ्याच्या शिक्षणाबद्दल लिहितो आहोत, कारण वस्तीतला माणूस ताप आला की डॉक्टरच्या आधी मेडिकलवर जातो. तिथे उभा असलेला माणूस किती शिकलेला आहे, हा आपल्या तब्येतीचाच प्रश्न आहे.

डिप्लोम्याला कमी लेखायचा आमचा हेतू नाही. आम्ही स्वतः नर्सिंगच्या डिप्लोम्यावर वॉर्डात वर्षं काढली आहेत. पण डिप्लोमा मुख्यतः 'काय करायचं' ते शिकवतो, आणि 'का करायचं' हे खोलात जाऊन पदवीला शिकवतात. टीबीच्या औषधांमधलं रिफाम्पिसिन घ्या. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका, हे डी.फार्म. झालेली मुलगी पेशंटला सांगते. पण हेच औषध यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं. मग गर्भनिरोधक गोळी शरीरात लवकर मोडते आणि गोळी नियमित घेऊनही दिवस जाऊ शकतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोरही असाच कमी होतो. टीबीच्या पेशंटबाईला "तुम्ही पाळणा लांबवायची गोळी घेता का?" असं काउंटरवरून हळू आवाजात विचारणारं कोणी असेल, तर एक मोठी अडचण टळते.

दुसरं उदाहरण तर घरोघरचं. आजीला बीपीची गोळी चालू असते, सोबत लघवी वाढवणारी गोळी असते, आणि गुडघा दुखतो म्हणून ती मेडिकलवरून डायक्लोफिनॅक मागून घेते. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि हे दुखण्याचं औषध असं तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो, बीपीही वर चढतं. दुखण्याची गोळी मागणाऱ्याला आधीच्या गोळ्या विचारायच्या असतात, हे ज्याच्या अंगात मुरलंय तोच विचारतो. बी.फार्म.ला फार्माकॉलॉजी सलग तीन सेमिस्टर असतं ते याचसाठी.

आता नोकरीचं. मेडिकल दुकान चालवायला किंवा सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता व्हायला डिप्लोमा चालतो. पण औषध निरीक्षक, म्हणजे दुकानं आणि कारखाने तपासणारा ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं असेल, तर १९४५ च्या औषध नियमांनुसार पदवी लागते. महाराष्ट्रात ही पदं एमपीएससीतून भरतात. औषधाच्या कारखान्यात उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसालाही पदवीच विचारतात. वीस वर्षं काउंटरवर काढली तरी डिप्लोम्यावर ही दारं उघडत नाहीत.

पदवीचा रस्ता मात्र वाटतो तितका लांब नाही. डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. चार वर्षांची पदवी तीन वर्षांत होते. यासाठी बारावीनंतरची ती सीईटी पुन्हा द्यावी लागत नाही. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांमधून डिप्लोम्याच्या गुणांवर प्रवेश होतो. म्हणून डी.फार्म. करत असलेल्यांना आमचं सांगणं आहे की नुसतं पास व्हायचं म्हणून शिकू नका. एकेका टक्क्याने सरकारी कॉलेज हातचं जातं. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी फार्मसी महाविद्यालयांची फी खासगीच्या मानाने फारच कमी आहे. टक्क्यांची अट आणि तारखा दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत येतात. ती सेलच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

मध्येच एक गोंधळ दूर करतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ मध्ये डी.फार्म.साठी एक्झिट परीक्षेचे नियम आणले आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर असतात आणि तिन्हीत, एकाच वेळी, किमान ५० टक्के मिळवावे लागतात. ही परीक्षा औषधनिर्माता म्हणून नोंदणी करण्यासाठी आहे. बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला डी.फार्म. उत्तीर्ण असणं बघतात. "एक्झिट निघाली नाही, आता पुढचं शिक्षण बंद" असं म्हणून कोणी घरी बसू नये.

थेट दुसऱ्या वर्षात बसणाऱ्यांची खरी कसोटी तिसऱ्या सेमिस्टरला लागते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिथे ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग समोर येतो, आणि पहिला भाग वर्गातल्या बाकीच्यांनी आदल्या वर्षी शिकलेला असतो. फिजिकल फार्मास्युटिक्स आणि फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग हे विषय डिप्लोम्यात या स्वरूपात नसतातच. त्यात कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर हे पहिल्या वर्षाचे दोन विषय जादा करावे लागतात. पहिल्या परीक्षेत दोन-तीन विषय राहिले की मूल हबकतं, घरचे म्हणतात "तुला झेपत नाही, सोड". झेपत नाही असं नसतं. एक पायरी गाळून वर चढल्यावर दम लागणारच. उपाय साधा आहे. डिप्लोम्याचा निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत, आधीच्या बॅचच्या कोणाकडून पहिल्या वर्षाची ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्रीची पुस्तकं आणा आणि रोज दोन तास बसा. पहिल्या सेमिस्टरचं गणित मात्र या मुलांच्या वाट्याला येत नाही, त्याची धास्ती बाळगू नका.

हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, ८० टक्के हजेरी लागते. त्यामुळे नोकरी सुटते, आणि घरात खरी अडचण इथेच येते. महिन्याचे आठ-दहा हजार बंद होणार म्हटल्यावर आई गप्प होते, बाप विषय बदलतो. अशा वेळी कोणीतरी सुचवतं: "सर्टिफिकेट एखाद्या दुकानाला भाड्याने दे, घरबसल्या पैसे येतील." हे कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी करू नका. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यायचं असतं. दुकानात हजर न राहता आपलं नाव आणि प्रमाणपत्र तिथे लावून ठेवणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत गैरवर्तन ठरवलेलं आहे, आणि त्यावरून नोंदणीवर गदा येऊ शकते. शिवाय भिंतीवर तुमचं नाव आणि काउंटरवर न शिकलेला पोरगा, अशा दुकानातून चुकीची गोळी ज्या आजीच्या हातात पडते ती आपल्याच गल्लीतली असते. संध्याकाळी काम करायचंच असेल तर जिथे दुसरा औषधनिर्माता दिवसभर असतो असं दुकान बघा आणि आपल्या वेळेत स्वतः उभे राहा.

पैशाची सोय आहे, पण ती कागदांवर अवलंबून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; उत्पन्न त्यावर असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची राज्याची सवलत आहे. दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा, म्हणजे शंभरातले साठ रुपये, आता थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात येतो. त्यात कॉलेजच्या फीचे पैसेही असतात. ते खात्यात दिसले की घरात पत्रे बदलायचे निघतात, कोणाचं तरी लग्न निघतं. मग वर्षाच्या शेवटी कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. ती रक्कम आली की त्याच आठवड्यात कॉलेजात भरून पावती घ्या. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, लहान ठिकाणी रक्कम कमी होते.

राखीव जागेसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांपैकी गुणांमुळे अडलेले थोडे, याच कागदामुळे अडलेले जास्त. अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करायचा असतो आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा मागतात. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर गावच्या जुन्या महसुली नोंदी. धर्मांतरानंतरच्या दाखल्यांवर फक्त 'बौद्ध' असतं, त्यामुळे मूळ जातीची नोंद असलेला जुना कागद शोधावा लागतो. त्यासाठी गावी एक फेरी होते. चुलत्याला, आत्याला किंवा सख्ख्या भावाला आधी वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं. हे सगळं डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा. कॅपची तारीख कोणासाठी थांबत नाही.

बी.फार्म.च्या पुढे ज्यांना जायचं आहे त्यांनी शेवटच्या वर्षात जीपॅट ही परीक्षा द्यावी. ती पात्र होऊन एआयसीटीई मान्य कॉलेजात एम.फार्म.ला गेलं तर महिन्याला १२,४०० रुपयांप्रमाणे २४ महिने विद्यावेतन मिळतं. काउंटरवरच्या पगारापेक्षा ते कमी नाही, हे घरच्यांना आकडा दाखवून सांगा. मोहालीच्या नायपरसारख्या केंद्रीय संस्थांची वाटही जीपॅटवरूनच जाते. तिथे केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत, तेव्हा "केंद्रात आपल्याला चालत नाही" हे जुनं बोलणं आता सोडून द्या.

फार्म.डी. नावाचाही एक अभ्यासक्रम आहे, २००८ पासूनचा. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इस्पितळात इंटर्नशिप. डी.फार्म.वाले त्याला पात्र आहेत, पण त्यांनाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. बी.फार्म.नंतर केला तर तो तीन वर्षांत होतो. वॉर्डात डॉक्टरांसोबत राऊंडला फिरायची ज्याला ओढ आहे त्याने तो जरूर करावा. मात्र आपल्याकडच्या इस्पितळांत अशा माणसासाठी वेगळ्या जागा अजून थोड्याच आहेत, हे धरून निर्णय घ्या. आमच्या मते वस्तीतल्या घराला आधी तीन वर्षांत पदवी, मग पुढचं, हाच हिशोब परवडतो.

घरबसल्या, हजेरीशिवाय बी.फार्म. करून देतो म्हणणारे दलाल फिरत असतात. पत्राद्वारे केलेली फार्मसीची पदवी कौन्सिल मानत नाही. पैसे भरण्याआधी कॉलेजचं नाव कौन्सिलच्या मान्यता यादीत त्या वर्षासाठी आहे का ते बघा, आणि यादीतलं नाव व गाव दोन्ही जुळतंय का तेही बघा. सारख्या नावाच्या संस्था पुष्कळ असतात.

लग्न होऊन घरी बसलेल्या डी.फार्म. सुनाही वस्तीत आहेत. त्यांच्या सासरच्यांनी हे वाचावं. बी.फार्म.ला वयाची वरची मर्यादा नाही. मधली वर्षं गेली असतील तर खंडाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते नोटरीकडे एका दिवसात होतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा. जातीचा दाखला आणि वैधता मात्र माहेरच्या नावाने आणि माहेरच्याच कागदांवर निघते, तेव्हा वडिलांकडच्या जुन्या दाखल्यांची चौकशी या महिन्यातच करा.