घड दिसण्याआधी

आजचे वचन : याकोब 5:7-8 (सोबत वाचा : योहान 15:1-5)



बाप्तिस्मा होऊन दोन-तीन वर्षं झाली. रोज बायबल वाचतोय, प्रार्थना करतोय. तरी राग तसाच, जुनी सवय तशीच. मग माझ्यात खरंच काही बदलतंय का? हा प्रश्न पडून कितीतरी तरुण हळूच मागे फिरतात. अशा वेळी याकोब आपल्याला शेतकऱ्याकडे बघायला सांगतो.

पुण्याहून नाशिक रस्त्याने आंबेगाव तालुक्यातलं मंचर मागे टाकलं की पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागतं. हा द्राक्षबागांचा भाग. इथे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. घड दिसतो तो फळछाटणीनंतर. पण तो तयार कधी होतो, माहीत आहे? खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत! तेव्हा बाहेरून बघाल तर नुसती पानं. आतला घड इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. म्हणूनच फळछाटणीआधी बागायतदार काड्या डोळे तपासणीला देतात.

या महिन्यांत शेतकरी हात बांधून बसत नाही. शेंडा मारतो, काडीला ऊन लागेल एवढी विरळणी करतो, पाणी बेतानं देतो. वेल नुसताच माजला तर घडाऐवजी बाळी निघते, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तो तंतू. दिसायला हिरवी, पण फळ नाही.

आपलंही असंच आहे ना? गाणी, सभा, स्टेटसवरची वचनं यांनी वाढ झाल्यासारखी दिसते. पण प्रेम, सहनशीलता, इंद्रियदमन ही आत्म्याची फळं (गलती 5:22-23) आत, कुणाला न दिसता घडत असतात. आपलं काम येशूमध्ये राहण्याचं. आणि योहान 15:2 नीट वाचा : फळ देणाऱ्या फाट्यावरही पिता कात्री चालवतो, अधिक फळ यावं म्हणून.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक दुःखाला छाटणी म्हणू नका. धीर धरा म्हणण्याआधी याच अध्यायात (5:4) याकोब मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्यांना खडसावतो. अन्यायावर गप्प बसणं म्हणजे धीर नव्हे.

आज एवढं करा : तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एका विश्वासू माणसाला विचारा, "वर्षभरात माझ्यात काय बदललं?" आपल्याला न दिसलेला घड कदाचित त्यांना दिसला असेल.

प्रार्थना : हे पित्या, तू माळी आहेस. जे मला दिसत नाही ते तुला दिसतं. फळ येईपर्यंत मला तुझ्या पुत्रामध्ये राहू दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.