वाट अडवली तर?



मी बोनकोड्याची. आमच्याकडे खाडीवर जाणाऱ्याला वाट कोणाची, असे कोणी विचारत नसे. पण रायगडातल्या एका कातकरी वाडीत नव्या जमीनमालकाने नदीकडे जाणारी पायवाट तारेने बंद केली. “ताई, पाणी मोकळं, पण पाय ठेवायचा कुठं?” एका आजींनी विचारले.

उत्तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मध्ये आहे. मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी बेकायदा अडवल्यास कलम ५ नुसार तहसीलदार मनाई हुकूम देऊ शकतात. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत हवा. आम्ही गेलो तेव्हा पाचवा महिना चालू होता!

दुसरा आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चा. वाट वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरल्याचे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते. मालकाच्या परवानगीने वापरलेली वाट यात बसत नाही. म्हणून ‘परवानगी’च्या कागदावर न वाचता अंगठा देऊ नये.

वाडीवर कपडे, औषधे घेऊन जाल, तेव्हा एवढेही विचारा: पाण्याची वाट चालू आहे ना? नसेल, तर अडवल्याची तारीख आधी लिहून घ्या.