इम्युनोग्लोब्युलिन तपासणी : आकडा आणि व्याधिक्षमत्व

२०२० व २०२१ मधील करोना साथीनंतर ‘माझ्या अँटीबॉडी किती आहेत?’ हा प्रश्न रुग्ण सहज विचारू लागले. इम्युनोग्लोब्युलिनचे अहवाल वैद्याच्या मेजावर येतात, तसे औषधालयाच्या काउंटरवरही येतात. ‘आकडा कमी आहे, काहीतरी शक्तीचे द्या’ अशी ग्राहकाची मागणी असते. या तपासणीचा अर्थ आपल्या सभासदांना स्पष्ट असावा म्हणून हा लेख. आरंभ आमच्याच एका चुकीने करतो.

चार वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. वारंवार ज्वर, कास, कान वाहणे. दोन वेळा न्यूमोनियासाठी रुग्णालयात ठेवावे लागले होते. सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत बाळ उत्तम होते, असे आई सांगत असे. आम्ही त्याचा संबंध दंतोद्भवाशी व अन्नप्राशनाशी जोडला. दीपन-पाचन, सितोपलादी, पुढे सुवर्णप्राशन असा क्रम पाच महिने चालविला. त्या काळात तिसरा न्यूमोनिया झाला. मुलाच्या फाइलमध्ये यकृत तपासणीचा एक जुना कागद होता. त्यात एकूण प्रथिने ५.६ व अल्ब्युमिन ४.२ ग्रॅम असे छापलेले होते. अल्ब्युमिन चांगले, म्हणजे पोषण चांगले, असे मनाशी म्हणून आम्ही कागद परत केला. दोन आकड्यांची वजाबाकी आम्ही केली नाही. ती १.४ येते.

एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन उरते, आणि प्रतिपिंडे या ग्लोब्युलिनचाच मोठा भाग असतात. साधारणतः हा आकडा दर डेसिलिटरला २ ते ३.५ ग्रॅम असतो. दोनच्या खाली गेल्यास प्रतिपिंडे कमी असल्याची शंका घ्यावी, चारच्या वर गेल्यास ती वाढल्याची. स्वतंत्र महागडी तपासणी सांगण्यापूर्वी हाताशी असलेला हा सूचक आकडा पाहण्यास काहीच खर्च येत नाही.

पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी मुलाचा घसा पाहिला. टॉन्सिल जवळजवळ नव्हतेच. त्यांनी मातुल घराण्याची चौकशी केली. मुलाचा एक मामा लहानपणी अशाच दुखण्यांनी गेला होता. रक्तात आयजीजी ९० मिलिग्रॅम निघाले, आयजीए व आयजीएम मोजता येण्याइतकेही नव्हते.

या व्याधीचे प्रथम वर्णन १९५२ साली अमेरिकेतील लष्करी वैद्यक सेवेतील डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांनी केले. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्ताचे विद्युत्‌संचलनाने पृथक्करण केले असता गॅमा ग्लोब्युलिनचा अंश आढळला नाही. दात्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन टोचल्यावर मुलाचे संसर्ग आटोक्यात आले. कारणीभूत जनुक १९९३ मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते. म्हणून दोष मातेकडून येतो व प्रायः मुलग्यांत प्रकट होतो. बाळ पहिले काही महिने निरोगी राहते, कारण गर्भावस्थेत आईचे आयजीजी अपरेतून त्याच्याकडे आलेले असते. ती शिदोरी संपली की आजार सुरू होतात. आम्ही ज्याला दंतोद्भव समजलो ते हे होते.

आता अहवालाकडे वळू. प्रौढ व्यक्तीत आयजीजी दर डेसिलिटरला साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम, आयजीए ७० ते ४००, आयजीएम ४० ते २३० असते. प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार थोडा फरक पडतो. आयजीएम हे नव्या संसर्गाला दिलेले पहिले उत्तर, आयजीजी हे टिकाऊ उत्तर, आयजीए हे मुख्यत्वे श्लेष्मल त्वचेचे व स्तन्याचे रक्षक. आयजीई अत्यल्प असते व निराळ्या एककात मोजतात. एककांकडे नीट पाहावे. काही प्रयोगशाळा ग्रॅम प्रति लिटर छापतात, तेथील ९.५ म्हणजे आपले ९५० मिलिग्रॅम. त्याहून मोठा सापळा वयाचा. पाच महिन्यांच्या बाळाचे आयजीजी ३०० असणे स्वाभाविक असू शकते, कारण आईचे संपत आलेले असते व स्वतःचे पुरेसे तयार झालेले नसते. अहवालावर मात्र पुष्कळदा प्रौढांचीच मर्यादा छापलेली असते आणि पालक घाबरून धावत येतात.

सर्वाधिक गैरसमज वाढलेल्या आकड्याविषयी आहे. आयजीजी २२०० पाहून ‘प्रतिकारशक्ती उत्तम’ असे सांगणारे आम्ही ऐकले आहेत. जीर्ण यकृतविकार, क्षय, आमवातासारखे स्वप्रतिरक्षाविकार यांत हा आकडा चढतो. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित रुग्णातही तो चढलेला असतो, आणि त्याच वेळी त्याची खरी प्रतिकारशक्ती ढासळत असते. कारण ही तपासणी टी पेशींविषयी काहीच सांगत नाही. साठीच्या पुढील रुग्णास कटिशूल, पांडुता, वाढलेला ईएसआर आणि वाढलेले ग्लोब्युलिन असेल, तर कटिबस्ती योजण्यापूर्वी प्रथिनांचे विद्युत्‌संचलन करून घ्यावे. तेथे एकच टोकदार शिखर दिसले, तर मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या अर्बुदाचा शोध घ्यावा लागतो. आयजीई वाढले की ‘अ‍ॅलर्जी’ असा शिक्का मारला जातो. आपल्याकडे कृमी हेही त्याचे तितकेच सामान्य कारण आहे, हे कृमिघ्न चिकित्सा करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

आकडा कमी असल्यास प्रथम तो कोठे वाया जात आहे ते पाहावे. वृक्कविकारात मूत्रावाटे, काही आंत्रविकारांत मलावाटे प्रथिने जातात. तेव्हा अल्ब्युमिनही घटलेले असते. फेनिटॉइन, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे यांनीही प्रतिपिंडे कमी होतात. एकटे आयजीए कमी असलेले अनेक जण आयुष्यभर निरोगी राहतात. परंतु वारंवार न्यूमोनिया, कान वाहणे, वाढ खुंटणे आणि कमी आयजीजी एकत्र दिसले, तर रुग्ण त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवावा. अशा बालकास तोंडावाटे देण्याची पोलिओची जिवंत लस धोक्याची ठरू शकते, हेही पालकांना सांगावे.

ओज म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन असे समीकरण हल्ली व्याख्यानांतून मांडले जाते. ते आम्हांस मान्य नाही. चरकसंहितेत अतिस्थूल, अतिकृश, असात्म्य आहारावर पोसलेली, अल्पसत्त्व शरीरे व्याधिसहनास असमर्थ म्हटली आहेत. यांतील कित्येकांचे आयजीजी अगदी मर्यादेत असेल. व्याधिक्षमत्व हे एका प्रथिनापेक्षा फार व्यापक आहे. म्हणूनच अमुक रसायनाने आयजीजी वाढते असे सांगून औषध देणे शास्त्रालाही धरून नाही आणि रुग्णाच्याही हिताचे नाही. औषधालयधारकांनी असा अहवाल दाखविणाऱ्या ग्राहकास च्यवनप्राशाची बरणी देण्याआधी, किती वेळा आजारी पडलात, इतके तरी विचारावे.

त्या मुलास आता दर चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने हे अंतर ठरते. हे युक्तिकृत बलच नव्हे काय, असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले होते. उपचार महाग आहे. वडिलांना त्यासाठी दरवेळी कामाची एक रजा व दोन बसगाड्या लागतात. मुलगा अग्नी व आहाराच्या सल्ल्यासाठी आमच्याकडेही येतो. मात्रेच्या आधी घेतलेल्या रक्ताचा अहवाल आई प्रथम आमच्यापुढे ठेवते, आणि आता आम्ही वजाबाकीही करतो.