अगराची प्रत आणि रसायनशास्त्र

वरच्या आसामातील जोरहाट, गोलाघाट या भागांत परसबागेत सुपारीच्या जोडीने 'साची' वृक्ष लावण्याची जुनी रीत आहे. एके काळी त्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जात. आज शेतकरी त्याला जपतो तो अगरासाठी. निरोगी साचीचे लाकूड पांढरट, हलके व गंधहीन असते. खोडकिड्याने ते पोखरले आणि त्या वाटेने बुरशी शिरली, म्हणजे झाड स्वसंरक्षणार्थ राळ निर्माण करते. राळेने भरलेले काळपट लाकूड म्हणजेच अगर. आपल्याकडे 'अगरबत्ती' या शब्दात त्याचे नाव उरले आहे. काडीत मात्र तो क्वचितच असतो.

व्यापारी रंग पाहून, तुकडा पाण्यात टाकून, निखाऱ्यावर ठेवून अगराची प्रत ठरवतात. बुडेल तो उत्तम. चिनी भाषेत अगराचे नावच 'बुडणारा सुगंध' असे आहे. परंतु लाकडाला रंग देता येतो, तेल चोळता येते. शिवाय प्रत ठरवणारा बहुधा खरेदीदारच असतो. परसातील दोन-चार झाडे विकणाऱ्याला त्याचा शब्द मानण्यावाचून गत्यंतर नसते.

येथे रसायनशास्त्र साह्यास येते. राळ अल्कोहोलमध्ये विरघळते. तोललेले चूर्ण गरम अल्कोहोलमध्ये ठेवून, गाळून, वाळवून उरलेला अर्क पुन्हा तोलला की राळेचा अंदाज येतो. चीनच्या २०२०च्या अधिकृत औषधकोशानुसार हा अर्क किमान १० टक्के हवा. पण वरून लावलेले तेल आणि रंगही अल्कोहोलमध्ये उतरू शकतात. तेव्हा राळ अगराचीच आहे काय, हे क्रोमॅटोग्राफीने तपासावे लागते. अगरात सेस्क्विटर्पीन व क्रोमोन हे दोन प्रमुख वर्ग आढळतात. त्यातील विशिष्ट क्रोमोन इतर वनस्पतींत विरळाच असल्याने ते ओळखीची खूण ठरतात. ॲगारोटेट्रॉल हे त्यांपैकीच एक. उपरोक्त औषधकोशात त्याचे किमान प्रमाण ०.१० टक्के दिले आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात जड क्रोमोन फारसे उतरत नाहीत; तेथे वायू-क्रोमॅटोग्राफीने सेस्क्विटर्पीन पाहिले जातात.

अडचण नमुन्याची आहे. एकाच खोडात हातभर अंतरावर राळ कमी-अधिक असते. एका ढलपीवरून साऱ्या ओंडक्याचा भाव ठरवणे अन्यायाचे होईल. सुगंधही कोणा एकाच घटकाचा नसतो. म्हणून अस्सलपणा व राळेचे प्रमाण यंत्राने सांगावे, गंधाची पारख नाकाकडे राहावी, हेच व्यवहार्य दिसते. क्रोमॅटोग्राफ महाग असला तरी अर्काच्या चाचणीला काचपात्र, अल्कोहोल व अचूक तराजू पुरतो. महाविद्यालयाच्या रसायनशाळेतही ती करता येते.