हवेचे परीक्षक : प्रो. जॉन स्कॉट हॉल्डेन

अन्नावांचून मनुष्य कांहीं आठवडे काढूं शकतो, पाण्यावांचून थोडे दिवस काढूं शकतो. परंतु हवेवांचून त्याला चार-पांच मिनिटेंहि धड काढतां येत नाहींत. असें असतां, आपण काय खातों व काय पितों याची जितकी चौकशी आपण करतों, तितकी श्वासाबरोबर काय आंत घेतों याची करीत नाहीं. हवा डोळ्यांना दिसत नाहीं, तिला पैसा पडत नाहीं, म्हणून ती निर्मळच असेल असें आपण धरून चालतों. तसें धरून न चालतां, जेथें जेथें माणसें राहतात व राबतात तेथील हवा मोजून पाहण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या प्रो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या कार्याचा परिचय विद्यार्थिमित्रांना करून द्यावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

हॉल्डेन यांचा जन्म ता. २ मे १८६० रोजीं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें झाला. घराणें जुनें व प्रतिष्ठित होतें. त्याचें बोधवाक्य एकाच शब्दाचें असून त्याचा अर्थ 'सोस' असा आहे. वडील बंधु रिचर्ड हे पुढें इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन यांनीं वैद्यकाचा मार्ग धरला व १८८४ सालीं एडिंबरो विद्यापीठाची पदवी मिळविली. परंतु दवाखाना न थाटतां ते डंडी शहरांतील कॉलेजांत प्रयोगशाळेच्या कामाला लागले.

डंडी हें गिरण्यांचें शहर. तेथील मजुरांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें एकेका खोलीत राहत. हॉल्डेन व त्यांचे वरिष्ठ प्रो. कार्नेली हे मध्यरात्रीनंतर, लोक झोंपेंत असतां, कांचेचीं भांडीं घेऊन अशा घरांत जात व तेथील हवा भरून आणीत. त्या हवेंत कार्बन डायऑक्साइड किती, कुजकट द्रव्यें किती व सूक्ष्म जंतु किती, हें त्यांनीं मोजलें. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून असें दिसून आलें कीं, एका खोलीच्या घरांतील हवा मोठ्या घरांतील हवेपेक्षां पुष्कळच वाईट असते आणि तेथील मृत्यूंचें प्रमाणहि अधिक असतें. शाळांचीहि त्यांनीं परीक्षा केली. ज्या शाळांत यंत्राच्या साहाय्यानें हवा खेळविली जाई, तेथील वर्गांची हवा केवळ खिडक्यांवर विसंबलेल्या वर्गांहून बरीच शुद्ध आढळली. दुपारच्या तासाला विद्यार्थ्यांस येणारी पेंग ही सर्वस्वीं शिक्षकाच्याच शिकवण्याचें फळ नसते, एवढा दिलासा या निबंधावरून आम्हां शिक्षकांस घेण्यास हरकत नाहीं!

त्याच सुमारास या दोघांनीं लंडनच्या पार्लमेंट-भवनाखालील गटारांतील हवा तपासली. गटारांतील दुर्गंधामुळेंच टायफॉइडसारखे रोग पसरतात, अशी त्या काळीं समजूत होती. परंतु त्या हवेंत बाहेरच्या हवेपेक्षां जंतु कमीच निघाले. नाकाची साक्ष पुरेशी नाहीं, मोजमाप केलेंच पाहिजे, हा धडा त्यांस येथें मिळाला. याचीच दुसरी बाजू पुढें खाणींत अधिक भयंकर रूपानें त्यांच्यासमोर यावयाची होती.

१८८७ सालीं हॉल्डेन ऑक्सफर्ड विद्यापीठांत आले. तेथें त्यांचे मामा बर्डन-सँडरसन हे शरीरक्रियाशास्त्राचे मुख्य प्राध्यापक होते. हॉल्डेन येथें अनेक वर्षें अध्यापन करीत होते. परंतु त्यांचें मन नेहमीं प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर धांव घेई.

ता. २७ जानेवारी १८९६ रोजीं वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणींत प्रचंड स्फोट होऊन ५७ कामगार मृत्यु पावले. हॉल्डेन तेथें जाऊन पोंचले व त्यांनीं प्रेतांची आणि रक्ताची बारकाईनें तपासणी केली. भाजून किंवा चिरडून मेलेले थोडेच होते. बहुतेकांच्या अंगावर मोठी जखम नव्हती, आणि त्यांच्या कातडीवर जिवंत माणसाच्या गालांसारखी गुलाबी छटा होती. त्यांचा प्राण स्फोटानें गेला नव्हता. स्फोटानंतर खाणींत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूनें घेतला होता. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. गटाराची हवा नाकाला भयंकर वाटली व मोजल्यावर निरुपद्रवी ठरली. ही हवा नाकाला कांहींच सांगत नव्हती, आणि तीच प्राणघातक होती!

हा वायु मारतो कसा? आपल्या रक्तांत हीमोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य असतें. फुप्फुसांतून प्राणवायु उचलून तो सर्व शरीरास पोंचविणें हें त्याचें काम. कार्बन मोनॉक्साइड या द्रव्याशीं प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्टपणानें जडतो. गाडींतील सर्व जागा दुसऱ्यानेंच अडविल्या म्हणजे ज्यास प्रवास करावयाचा आहे तो फलाटावरच राहतो. तशीच प्राणवायूची स्थिति होते. हवेंत प्राणवायु भरपूर असूनहि शरीर उपाशीं मरतें.

हें अनुमान खरें कीं खोटें, हें पाहण्यासाठीं हॉल्डेन यांनीं एक सुंदर प्रयोग योजिला व तो १८९५ सालीं प्रसिद्ध केला. एका बंद पात्रांत उंदीर ठेवून त्यांत दुप्पट दाबानें शुद्ध प्राणवायु भरला व त्यांत कार्बन मोनॉक्साइड सोडला. साध्या हवेंत जो वायु उंदरास निश्चित मारता, त्यांत तो जिवंत राहिला. कारण दाबामुळें रक्ताच्या पाण्यांतच पुरेसा प्राणवायु विरघळला आणि हीमोग्लोबिनच्या मदतीवांचून उंदराचें भागलें. अर्थात् हा वायु अंगचा विषारी नसून प्राणवायूची वाट अडवितो म्हणूनच घातक होतो, हें सिद्ध झालें. यावरूनच उपायहि सुचतो : बाधा झालेल्या माणसास तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें व शुद्ध प्राणवायु द्यावा.

परंतु उंदरावर जें दिसलें तें माणसासहि लागू आहे, हें कशावरून? हॉल्डेन यांनीं तो वायु स्वतः हुंगला. एका प्रयोगांत त्यांच्या रक्ताचा अर्ध्याहून अधिक भाग वायूनें व्यापला, दृष्टि मंद झाली, पाय लटपटूं लागले. मनावर गुंगी येते व आपण संकटांत आहों हेंच कळेनासें होतें, ही गोष्ट त्यांनीं स्वानुभवानें नोंदविली. खाणकामगार पळून जाण्याऐवजीं बसल्या जागींच कां मरतात, याचा उलगडा त्यावरून झाला.

याच प्रयोगांतून खाणींतील कॅनरी पक्ष्याची योजना निघाली. लहान प्राण्याचें शरीर आकाराच्या मानानें फार जलद जळत असतें. त्याचा श्वास व रक्ताभिसरण हींहि जलद असतात. म्हणून ज्या हवेंत माणसास बाधा होण्यास बराच वेळ लागेल, तींत उंदीर किंवा पक्षी कित्येक पट लवकर कोसळतो. तेवढ्या अवधींत माणसास माघारीं फिरतां येतें. हॉल्डेन यांनीं खाणींत असे प्राणी नेण्याची शिफारस केली. पुढें कॅनरी अधिक सोयीचा ठरला, कारण दांडीवरून खालीं पडलेला पक्षी चटकन् नजरेस येतो. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ सालापर्यंत चालली. नंतर विद्युत्-यंत्रांनीं पक्ष्याची जागा घेतली.

येथें एखादा कोमल मनाचा विद्यार्थी विचारील, मुक्या प्राण्यास असें संकटांत लोटणें न्याय्य आहे काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्यास झटकन् उत्तर देऊन मोकळें होणें बरें नव्हे. इतकें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, पक्षी पडला म्हणजे त्यास शुद्धीवर आणण्यासाठीं प्राणवायूची लहान नळकांडी जोडलेले पिंजरेहि तयार करण्यांत आले. आणि जी हवा प्राण्यास दिली ती स्वतः घेण्यास हॉल्डेन कचरले नाहींत. प्राण्याचें दुःख स्वस्त मानणारा मनुष्य स्वतःच्या देहास या प्रयोगांत गोंवीत नसतो.

त्यांचीं इतर कामें थोडक्यांत सांगतों. श्वास जलद घ्यावा कीं सावकाश, हें मुख्यतः रक्तांतील कार्बन डायऑक्साइड ठरवितो, हें त्यांनीं प्रीस्टली या सहकाऱ्यासह १९०५ सालीं दाखविलें. खोल पाण्यांतून एकदम वर आलेल्या पाणबुड्यांच्या रक्तांत नत्रवायूचे बुडबुडे होऊन ते लुळे पडत किंवा मरत. शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्यानें थांबत वर येण्याचें कोष्टक हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलें. १९१५ च्या एप्रिलमध्यें ईप्र येथें जर्मन सैन्यानें विषारी वायु सोडला, तेव्हां सरकारनें हॉल्डेन यांसच रणांगणाकडे पाठविलें. तो वायु क्लोरीन असल्याचें त्यांनीं ओळखलें, आणि बचावाचे मुखवटे पारखण्यासाठीं क्लोरीनच्या कोठडींत ते स्वतः शिरले.

त्यांची शिकविण्याची रीतहि न्यारी होती. आपल्या लहान मुलास त्यांनीं एकदां खाणींत नेलें, उभें केलें व शेक्सपियरच्या नाटकांतील अँटनीचें भाषण म्हणावयास सांगितलें. थोडें म्हणतांच मुलाचे पाय गळाले व तो खालीं पडला. जमिनीलगत येतांच त्यास नीट श्वास घेतां येऊं लागला. खाणींतील ज्वालाग्राही वायु हवेपेक्षां हलका असून छताशीं साचतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाहीं. हाच मुलगा म्हणजे विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन होय. ते १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन येथलेच नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तले.

ऑक्सफर्डचें मुख्य प्राध्यापकपद हॉल्डेन यांच्या वाट्यास कधीं आलें नाहीं. १९१२ पासून ते खाणींसंबंधींच्या संशोधनशाळेचे संचालक होते. ती १९२१ सालीं बर्मिंगहॅमला नेण्यांत आली व तेथील विद्यापीठानें त्यांस सन्मान्य प्रोफेसर केलें. १९३४ सालीं रॉयल सोसायटीचें कॉप्ली पदक त्यांस मिळालें. वयाच्या पंचाहत्तरीनंतरहि ते इराण व इराक या देशांत, तेलाच्या कारखान्यांतील मजुरांस होणारा उष्माघात अभ्यासण्यासाठीं गेले, आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांनीं १९३६ च्या मार्चमध्यें ऑक्सफर्ड येथें त्यांचें देहावसान झालें.

आतां या चरित्राचा आपल्याशीं काय संबंध? थंडीच्या दिवसांत दारेंखिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेलें कुटुंब सकाळीं उठत नाहीं, अशी बातमी आपण वाचतों. हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरांतील गॅस-गीझरनेंहि असेंच घडतें. मारणारा वायु टायलर्सटाउनचाच होय. म्हणून शेगडी खोलीत ठेवून निजूं नये व न्हाणीघराचा झरोका बुजवूं नये. हें प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरीं आवर्जून सांगावें.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. बंद गटारांत व मैलाटाक्यांत हायड्रोजन सल्फाइड वायु साचतो. थोडा असतां त्यास कुजक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला म्हणजे तो नाकाची जाणीवच मारून टाकतो. एक कामगार उतरतो व कोसळतो; दुसरा त्यास काढावयास उतरतो, तोहि कोसळतो. संरक्षणाच्या साधनांवांचून माणसास अशा ठिकाणीं उतरविण्यास आपल्या देशांत २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. तरीहि अशा मृत्यूंच्या वार्ता थांबलेल्या नाहींत. वेल्समधील खाणींत माणसाच्या पुढें पक्षी जात असे. जेथें हवा न मोजतां गरीब मनुष्य पुढें पाठविला जातो, तेथें आपण त्या माणसासच पिंजऱ्यांतील पक्षी केलें आहे, आणि तो पडला तरी त्यास सावध करणारी प्राणवायूची नळीहि आपण जवळ ठेवलेली नसते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं उद्यां इंजिनियर व्हाल, कांहीं डॉक्टर, कांहीं नगरपालिकेचे अधिकारी. दुसऱ्यास जेथें पाठवावयाचें, तेथील हवा आधीं आपण पारखावी, हा हॉल्डेन यांचा नियम होता. तो तुम्हीं आपल्या हाताखालच्या माणसांच्या बाबतींत पाळलात, तर या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र तुम्हीं खऱ्या अर्थानें वाचलें असें होईल.